पाऱ्याची बरणी

पहिल्या आठवड्यात मी उंदीर शोधला.
कपाटामागे, पलंगाखाली, कौलांच्या वाशांत.
शाळेच्या शिपायाला, रुझारला, बोलावून
कोपऱ्यातली एक लादीसुद्धा उचकटली.
त्यानं नाक वर केलं, क्षणभर थांबला, हसला.
"बाई, हांगा कोण मरूंक ना. हो पारा."

पारा मला ठाऊक होता तो तापमापीतला,
नाहीतर आमच्या आबांचा, चढणारा.
हा तिसरा.
भिंतीपलीकडे, एर्मेलिंदबाईच्या फडताळात:
मेच्या उन्हात लाकूड झालेला बांगडा,
माडाचा विनागर, लसूण, मिरच्या,
आणि वर दादरा बांधून कोंडलेले महिने.

मी म्हसवडची. आमच्याकडे पाण्यालाच वास येतो,
टँकर उशिरा आला की.
दिवाडीला बदली झाली तेव्हा
फेरीबोटीतून उतरतानाच मी श्वास मोजून घेत होते.

बाई म्हणाली, सात वेळा खा, मग बोल.
नखाएवढा तुकडा भाताच्या कडेला ठेवला तिनं.
तो माझ्याकडे बघत होता.
पहिल्यांदा मी तांब्याभर पाणी प्याले.
दुसऱ्यांदा, न चावता, गोळीसारखा.
तिसऱ्या खेपेचं आठवत नाही.
पाचव्या वेळी पेज होती, बाहेर वीज गेलेली,
आणि अंधारात मी आणखी मागितला.
मागितल्यावर दचकले.

(हुर्राक मात्र जमला नाही. लिमका घालूनही
तो मला ओल्या घोंगडीसारखाच लागतो.
सगळ्यालाच सरावावं असं कुठे आहे?)

दुसऱ्या वर्षी ऑगस्टात ताप आला, आणि नाक गेलं.
मीठ कळे, तिखट कळे,
बांगडा मात्र जिभेवर आला की नुसता दोरखंड.
साबण, कापूर, उतू गेलेलं दूध,
सगळं काचेपलीकडे.
तेव्हा बाईनं रोज सकाळी बरणी आणायला सुरुवात केली.
दादरा सोडायची, माझ्या नाकाखाली धरायची.
"वास येता गे?"
"नाही."
पुन्हा दादरा, पुन्हा सुतळीची गाठ.
दहा दिवस.

अकराव्या दिवशी आधी विनागर आला,
अंगणात कुणी चप्पल काढावी तसा.
मग मिरची.
मग त्यांच्या मागून, न लाजता, न विचारता, तो.
मी ओरडले, "मेला उंदीर!"
आणि एर्मेलिंदबाईनं
कपाळावरून छातीवर क्रूस काढला.

मग फ्रॉकच्या खिशातून तिनं
माझीच हिंगाची डबी काढली, हात लांब करून,
मान दुसरीकडे वळवून.
"आतां हें. हो वास येता?"
तेव्हा कळलं:
दोन वर्षं माझ्या वरणाला फोडणी बसली
की पलीकडची खिडकी बंद व्हायची.
मला वाटे, डास.

विचारलं, "मग तुम्ही सात वेळा खाल्लात?"
म्हणाली, तीन.
चौथ्याला देवानं माफ केलं.

सोमवारी शाळेत विरुद्धार्थी शब्द.
फळ्यावर दोन रकाने,
डावीकडे सुगंध, उजवीकडे दुर्गंध.
मुलांनी जाई घातली, गटार घातलं,
फणसावरून भांडण झालं.
शेवटच्या बाकावरून मंजिता म्हणाली,
"बाई, आणि पारा?"

मी तिसरी रेघ ओढली.
त्या रकान्याला मथळा काही सुचला नाही.
खाली लिहिलं, पारा.
त्याखाली, जरा बारीक अक्षरात, हिंग.
खडू ठेवला, बोटं हुंगली,
आणि घंटा झाली.