कमजोर उजेड

खाणीकडचा वारा सुटला
की माय दांडीवरचं धुणं उलटं करते.
काळं बसतंच. ओट्यावर, पापडांवर,
शाळेच्या फळ्यावरही, जिथे ते कुणाला दिसत नाही.

उत्पला चार दिवसांसाठी आलेली.
माझ्या पेन्सिलीचं टोक तिनं चिकटपट्टीवर घासलं,
दुसरी पट्टी लावली, सोलली,
पुन्हा लावली, पुन्हा सोलली.
कांद्याचा पापुद्रा बोटाला चिकटून राहतो
तसा शेवटी पट्टीवर एक राखाडी संशय उरला.
"यात कुठंतरी एक थर असंल," म्हणाली,
"एका अणूएवढा. त्याच्याहून पातळ सोलताच येत नाई."

मी गावोगाव फायबर जोडतो.
ग्रामपंचायतीच्या भिंतीशी छत्री रोवून
केसाएवढ्या काचेची दोन टोकं समोरासमोर धरतो,
ठिणगी पडते, जुळलं तर जुळलं.
तिच्या प्रयोगशाळेत तीच काच,
फक्त शेवट सुरुवातीला बांधलेला.
उजेड गावाला जात नाही. फिरतो,
खळ्यावर मेढीभोवती बैल फिरावे तसा,
आणि वाटेत एका सांध्यावर हा काळा पापुद्रा.

"मंग हे काळं उजेड पेते का?"
मायनं ज्वारीतले खडे काढता काढता विचारलं.
"पेते. कमजोर आला का पेऊन टाकते.
जोरानं आला का पोट भरते त्याचं,
बाकीचा जाऊ देते."
माय हसली नाही.
"म्हंजे तलाठीच झाला.
दुबळ्याले बसोते, दांडग्याले वाट देते."

उत्पला सुपातली ज्वारी उगाच सारखी करत राहिली.
मग म्हणाली,
"थो दांडगा वेगळा कोनी नसते, माय.
हेच सगळे कमजोर. ज्याचा त्याचा ताल.
एखाद्या फेरीत चुकून चार जण संगं पाय टाकतात,
थे सुटतात. मंग चाळीस. मंग सगळेच."
आणि तिनं टाळी वाजवली, एकच,
इतकी आखूड की कोंबडी मान वर करून
कशासाठी केली ते विसरली.
"याच्याहूनही लहान. लय लहान."

"दिसते का पण?"
"डोळ्याले नाई दिसत. पडद्यावर नुसते खुंट उभे राहतात,
तूर कापल्यावर वावरात राहतात ना,
सारख्या अंतरावर, तसे."

मायनं एक खडा दाराबाहेर फेकला.
"अन् पयल्या फेऱ्यांत जे पेल्या गेले, थे?"

लाईट गेली तेवढ्यात. अंधारातून उत्पला बोलली,
"त्यायच्यानं थो थर गरम होते."
कंदील कुणीच लावला नाही बराच वेळ.

सकाळी ती पट्टी मी माझ्या मशीनच्या पेटीवर चिकटवली.
वेळाबाईला पोचेपर्यंत
तिच्यावर राजूरची धूळ बसलेली.
पुसायला बोट लावलं, आणि थांबलो.
कोणतं काळं तिचं, कोणतं घरचं,
कळेना.