सहावं पाणी

सातुर्निना किन्वा धुते.
पहिल्या पाण्याला साबणासारखा फेस.
पाखरं शहाणी, ती म्हणते,
या कडूपणाला चोच लावत नाहीत.

दुसरं पाणी. तिसरं.
बाहेर लामा वाऱ्याला पाठ करून उभे.

चार वर्षं आमचा दाणा न् दाणा
ट्रकनं बंदराकडे गेला
आणि त्याच पैशांत आम्ही
पाकिटातल्या शेवया उकळून खाल्ल्या.
दवाखान्यातल्या बाईंनी विल्बरची पापणी
खाली ओढून पाहिली,
एवढंच विचारलं :
तुमच्या शेतात काय पिकतं?

यंदा एक पोतं
तिनं ट्रकवर चढू दिलं नाही.
मी ट्रकवाल्याला म्हणालो,
मोजताना चुकलं असेल.

पाचवं. सहावं.
आता हाताला फेस लागत नाही.
शिजताना दाण्याला पांढरी शेपटी फुटते.
दोन बटाटे, मूठभर बाकल्याच्या बिया,
मेंढीच्या दुधाचं थोडं चीज.

विल्बर तोंड वाकडं करतो, शेवया मागतो.
ती रागावत नाही, समजावत नाही,
आपल्या वाडग्यावर फुंकर घालत बसते.

बऱ्याच वेळानं चमचा वाजतो.
‘मीठ कमी आहे,’ तो म्हणतो.

आम्ही दोघं खिडकीबाहेर बघतो :
क्षितिजापर्यंत
मीठच मीठ.