दुसऱ्या व्हायोलिनचा कागद

शांतवन मास्तरांच्या त्या मोठ्या रचनेतला
माझ्याकडे उरलाय फक्त दुसऱ्या व्हायोलिनचा कागद.
अकरा पानं. कडेला सायकलच्या तेलाचा डाग,
आणि निळ्या पेन्सिलीत मास्तरांची एकच सूचना:
'दिनकर, घाई नको. म्हैस पाणी पिते तसं.'

सूर थोडे, विश्रांतीच जास्त.
चौतीस मात्रा गप्प. मग तीन सूर.
पुन्हा एकोणीस गप्प.
मला राग यायचा.
दिवसभर शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर
रव्यांची वजनं मांडून मी यायचो,
बोटं तीनदा धुतली तरी तारेला चिकटायची,
आणि इथं नुसतं मोजत बसायचं?
मास्तर म्हणाले, 'गप्प बसायचेच पैसे देतोय तुला.
ते बी नीट वाजवायला शिक.'

घर चालायचं ते गाण्यांवर.
स्टुडिओची मोटार दारात यायची,
सकाळी मुखडा, दुपारी अंतरा,
हिरॉइनच्या घशाला झेपेल त्या पट्टीत.
ती गाणी अजून आहेत.
गंगावेशीत धारेच्या दुधाचा पेला तोंडाला लावण्याआधी
कुणीतरी गुणगुणतं,
वरातीत बँडवाले दुप्पट वेगानं फुंकतात,
कुणाची म्हणून विचारलं तर खांदे उडवतात.
मास्तरांना त्याचं काही नव्हतं.
'गाणं म्हणजे शेजारी उसनं दिलेलं भांडं,' म्हणायचे,
'परत आलं तर कल्हई उडूनच येतं.'

पण ही रचना कुणाला दिली नव्हती.
नावही नव्हतं तिला. 'ती' म्हणायचे नुसतं.
मिशनच्या चर्चमधल्या पायपेटीवर सुचलेली,
आणि आत, खोल, चैतातल्या सासनकाठ्या डुलत चाललेल्या.
सतरा माणसं: दोघे पोलीस बँडातले,
एक क्लॅरनेटवाला लग्नसराई बुडवून आलेला,
हलगीवाला बाळू अस्वले
चेलोकडे असा बघायचा
जसा नव्या सोयऱ्याकडे बघावं.

एकदाच वाजली ती. छप्पन साली.
साठेक लोक, निम्मे गाणी होतील म्हणून आलेले.
दुसऱ्या भागात, बरोबर माझ्या गप्प बसण्यात,
मागून कुणी ओरडलं,
'मास्तर, ते बोरीबाभळीचं होऊन जाऊ दे!'
हशा झाला.
मास्तर वळले नाहीत.
लोकांना त्यांची पाठ दिसली. तोंड फक्त आम्हाला.
त्या तोंडाबद्दल मी कधी कुणाला सांगितलं नाही,
आजही सांगणार नाही.
डाव्या हाताची बोटं त्यांनी माझ्याकडे उघडली:
अजून पाच.

बाकीचे कागद पुतण्यानं रद्दीत घातले.
चपलांच्या दुकानात गेले म्हणतात,
नव्या जोडाचा आकार बसू नये म्हणून आत कोंबायला.
असेल. कुणाच्या तरी पायाला
क्लॅरनेटची शाई लागली असेल.

नव्वदीला टेकलोय. राजारामपुरीत, गच्चीवर,
नात फोन धरून समोर बसलीय.
'आजोबा, यात काहीच ऐकू येत नाहीये.'
थांब.
तिथं चेलो आहे. आता बाळू शिरेल, एक मात्रा उशिरा,
त्या रात्रीही उशिराच शिरला होता.
खाली चौकात वरात अडलीय, तेच बोरीबाभळीचं, दामटून.
नात हसते. मी एकतिसाव्यावर आहे.
बत्तीस.
गज उचलून धरलाय,
हात थरथरतोय, ते वयानं.