एक मात्रा कमी

पहिलं पुस्तक माझ्या हाताखालून गेलं
तेव्हा शिशाचे खिळे होते.
इतवारीच्या बोळात मे महिन्यात
अक्षर उचललं तरी चटका बसायचा.
सोळा पानं, किंमत साठ पैसे.
गोष्ट एका दाताची:
सदरच्या दवाखान्यातून पळालेला
आणि थेट महाराजबागेतल्या म्हाताऱ्या वाघाच्या
जबड्यात जाऊन बसलेला.
मी हसलो. मुद्रितशोधकानं हसू नये,
हसताना ऱ्हस्व-दीर्घ निसटतात.

प्रुफं न्यायला लेखिका स्वतः आली,
सायकलवर, सुती साडी खोचून.
मी नुसता पाहत राहिलो.
"मीच," ती म्हणाली. "काहून, दात पाहू का तुमचे?"

बाप दातांचा डॉक्टर, चीनहून आलेला.
बासष्टनंतर त्यानं पाटी उतरवली,
कामठीला जायचं तरी ठाण्यातून चिठ्ठी घ्यायचा.
हे तिनं नाही सांगितलं.
हे वैरागडेसाहेबांनी सांगितलं, गल्ल्यावर वाकून,
आणि मग लाल पेन्सिलीनं कव्हरावरच्या
शूलान तुंगची केली
सुलोचना तुंगे.
"आई-बाप आधी नाव वाचतात, गभणे."

आडनावात भर पडली ती एका मात्रेची.
मी बोललो नाही. पगार त्र्याण्णव रुपये होता.
तीही बोलली नाही.
कव्हर उन्हात धरून पाहिलं, म्हणाली,
"बरी वाटते बाई. राहते कुठं?"

मग सुलोचना तुंगे लिहीत गेली.
कूलरच्या टाकीत अंडी घालणारी बेडकी,
मारबतीच्या पोटातले कागद कुरतडणारा उंदीर,
संत्र्याच्या पेटीत झोपून दिल्लीला पोचलेली बहीण.
बक्षीस मिळालं तेव्हा मंचावरून विचारलं गेलं,
सुलोचनाबाई आल्या नाहीत का?
ती पहिल्या रांगेत बसली होती.

भांडली एकदाच.
मी 'पोट्टे' खोडून 'मुले' केलं तेव्हा.
"मुले पुण्यात असतील, गभणेभाऊ.
माह्या गोष्टीत पोट्टेच आहेत.
नाव बदललं, चाललं. हे नाही चालणार."
मी खोडलेलं पुन्हा जिवंत केलं,
खाली टिंबं टिंबं देऊन.

धरमपेठेतल्या शाळेत एक जण उभा राहिला:
बाई, चिनीत बोलून दाखवा न.
ती गंभीर झाली. घसा साफ केला.
"का करून राहिले बे तुम्ही?"
शाळा लोळली.
परत येताना रिक्षात म्हणाली,
"मला दोनच शब्द येतात. 'तोंड उघड.'
बाबा खुर्चीत बसवून म्हणायचे."
आणि बर्डीपर्यंत गप्प.

साठीनंतर तिनं एक वही आणून दिली.
नाव: चिठ्ठी.
कन्हानच्या पलीकडे मावशीचं लग्न,
अलीकडे नवा फ्रॉक घातलेली मुलगी,
आणि ठाण्यात रांगेत तिचा बाप.
शिपायाची दाढ ठणकत असते.
बाप तिथंच, बाकावर, ती काढून देतो.
शिपाई रक्त थुंकतो, हात जोडतो,
म्हणतो, चिठ्ठी उद्या मिळेल.
एवढंच. पुढं नदीचं एक पान आहे,
त्यावर मजकूर नाही.
मी दोनदा तपासलं, छपाईची चूक नव्हती.

वैरागडेसाहेब आता हाराच्या फोटोत.
त्यांच्या मुलानं सवयीनं
जुनंच नाव कव्हरावर टाकलं होतं.
माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा रांगेत.
मी कुणाला विचारलं नाही.
'सुलोचना'वर आडवी रेघ, समासात 'शूलान'.
मग 'गे'वरची मात्रा वर्तुळात घेतली
आणि तिला काढायची खूण केली.
चाळीस वर्षांत इतकी छोटी दुरुस्ती
मी इतक्या सावकाश केली नव्हती.

तिनं कव्हर उन्हात धरलं.
बराच वेळ धरलं.
"शू दीर्घ आहे न?"
दीर्घ आहे, मी म्हणालो.
"पुन्हा एकदा पाहून घ्या भाऊ.
नाही तर पोट्टे हसतील."