पाचवा रंग

विट्याच्या क्रीडा हॉलमधल्या कोब्यावर
रेषा मी मारल्या.
बॅडमिंटनच्या पांढऱ्या, व्हॉलीबॉलच्या पिवळ्या,
कबड्डीच्या लाल, आणि बास्केटबॉलचा हिरवा अर्धगोल,
तो काढला खिळा नि सुतळीनं,
गुडघ्याखाली गोणपाट घेऊन.
चार दिवस लागले. बिल आठ महिन्यांनी निघालं.

लाल पिवळीला कापून जाते, पिवळी हिरव्याला.
जिथं कापते तिथं मी दोन बोटं जागा सोडली,
रंगात रंग उतरू नये म्हणून.
एवढंच भांडण त्या जमिनीला ठाऊक.

त्यानंतर मी आत गेलो नाही.
दारावर अकादमीचा फ्लेक्स लागला,
महिना बाराशे, पांढऱ्या सोलचे बूट सक्तीचे.
जालिंदर वॉचमन किल्ली करदोट्याला बांधून हिंडतो
आणि विचारलं की म्हणतो, "वरनं ऑर्डर हाय."
वर पत्र्याखाली पारवे घुमतात.
त्यांना कुणी फी मागत नाही.

अर्ज लिहिला सुलभा म्हेत्रेनं,
आधी शिवणाच्या पावतीबुकामागं कच्चा,
मग फुलस्केपवर पक्का.
सह्या त्रेसष्ट, अंगठे चार.
मागावरचे रातपाळीवाले सकाळी सातला सुटतात,
कानातला खडखडाट तसाच घरी नेतात,
ते म्हणाले, आम्हाला व्हॉलीबॉल, साडेसात ते साडेआठ,
त्या टायमाला तसंही कुलूपच असतं.
पोरी म्हणाल्या, कबड्डी.
आणि दाराला आतनं कडी.

माझ्याकडं आली तेव्हा मी ब्रश धूत होतो.
"मुजावरभाई, तुमची सही."
रॉकेलच्या बोटांनी केली.
डाग तसाच गेला नगरपालिकेत.

साहेबांनी कागद उलटून पाहिला, मागं काही आहे का.
"मागवाल्यांचं ठीक. पोरींचं बघू.
आणि ह्या बायका? ह्यांचा खेळ कोणता?"
सुलभा म्हणाली, रिंग.
शाळेत खेळायचो.
नंतर कुणी विचारलं नाही.
साहेब हसले नाहीत, हे सांगायला हवं.
नुसते म्हणाले,
"रिंगच्या रेषाच नाहीत तिथं."

मी काही चारचौघांत बोलणारा माणूस नव्हं.
पण घरी अर्धा डबा निळा पडून होता,
लेंगऱ्याच्या बालवाडीचा उरलेला,
आणि तोंडातनं निघून गेलं,
"मारून देतो. मजुरी नको."

रविवारी दुपारी जालिंदरनं करदोट्याची गाठ सोडली.
दोऱ्याचं दुसरं टोक धरायला
अकादमीचंच एक पोरगं वाकलं, बूट काढून.
निळी रेष चारही रंगांतनं वाट काढत गेली,
दोन दोन बोटं सोडत.

पाठ सरळ करून बघतो तर दारात सगळी जमलेली.
रॅकेटवाली पोरं, झोप मोडून आलेले मागवाले,
पदर खोचलेल्या बायका,
त्यांच्या हातात वर्गणीची रबरी रिंग, अजून पावडर लागलेली.
आत कुणालाच पाय टाकता येईना.
मग पायरीवरच बसली, सरकत, सरकवत.
कुणाच्या तरी पिशवीतनं शेंगा निघाल्या.
टरफलं जालिंदरच्या टोपीत.

"किती वेळ वाळायला, काका?"

दोन तास, मी म्हटलं.

हा रंग पाऊण तासात वाळतो.