चार मिनिटं

कॅनबेरात, संसदेच्या वरच्या सज्जात
मी लोकांचे फोन ठेवून घेतो, बिल्ला देतो,
टाळ्या वाजवू नका म्हणून सांगतो.
अकरा वर्षं हेच.

मंगळवारी तो आला, पार उत्तरेकडच्या इंगमहून,
कठड्याशी वाकला. खाली टेबलावर ते काय?

वाळूचं घड्याळ, मी म्हणालो.
कुणी मतविभागणी मागितली की कारकूनबाई ते उलटं करतात,
घंटा घणघणतात, भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकतात.
चार मिनिटं वाळू गळते. तेवढ्यात पोचायचं,
कुणी तोंडातला घास तसाच घेऊन, कुणी एका पायात बूट.
मग दारं बंद.
हो म्हणणारे उजवीकडे, नाही म्हणणारे डावीकडे,
आणि प्रत्येकाचं नाव लिहून ठेवतात.
आज सकाळीच उलटं झालं,
मधाच्या बरण्यांवर काय छापायचं त्यासाठी.
हे मी जरा कौतुकानेच सांगितलं.

त्याच्या नखांत जाळलेल्या उसाची काजळी होती.
म्हणाला, आमच्याकडे उसाचा एक डबा
कारखान्याकडे सोडायचा तरी चिठ्ठी लागते.
कुणाचं शेत, कुणी भरला, किती वाजता.
चिठ्ठी नसेल तर इंजिन डबा ओढत नाही.

मग बराच वेळ काही नाही.
मग,
दारियोला पाठवलं तेव्हा ते कधी उलटं केलं?

त्या आठवड्यातही पाळी माझीच होती.
टाउन्सव्हिलहून विमानं गुरुवारी सुटली,
सभागृह भरलं सोमवारी.
पंतप्रधानांनी अकरा मिनिटं वाचलं,
'जबाबदारी सर्वस्वी माझी' म्हणाले, पाणी प्याले.
विरोधी नेते उठले, 'आपली मुलं' म्हणाले, बसले.
जबाब कुणी मागितला नाही.
वाळू खालच्या भांड्यात होती तशीच.

कायद्याने तशी गरज नसते, मी म्हणालो.
माहितीपत्रकात हेच वाक्य आहे, पान सहा.

म्हणजे उजवीकडे कुणी नाही? डावीकडेही?
नाही.

सभागृह उठेपर्यंत तो बसून राहिला,
टोपी गुडघ्यावर.
जाताना बिल्ला परत केला. मी नोंदवही पुढे सरकवली:
इथे सही, इथे वेळ. नियम आहे, म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग सावकाश, एकेक अक्षर दाबून,
ओरेस्ते बेल्लान,
आणि वेळ,
मिनिटांसकट.