आमिषाची टाकी

दोनशे लिटरचं निळं पिंप. आधी त्यात लोणचं यायचं;
तीनदा धुतलं तरी झाकणाला वास आहेच.
चौकोनी टाकी शोभली असती, असं बू-हुमैदचं म्हणणं.
मी म्हटलं, कोपरा असला की तारली कोपऱ्यात शिरते,
नाक घासून लाल करते,
आणि दुपारच्या आत पोट वर.
गोल असलं की पोहत राहते.
तिला वाटतं, पुढे काहीतरी आहे.

उम्म अल क्वैनची खाडी, सकाळचे सहा,
फायबरची होडी आत्ताच हाताला चटका देते.
पंप मागच्या फळीला, पाण्याखाली वीतभर.
नळी आत तिरकी, भिंतीला धरून,
म्हणजे पाणी गरगरत राहील.
जास्तीचं जायला वर भोक, भोकाला जाळी,
जाळी कांद्याच्या पिशवीची.
लाल वायर, काळी वायर, मध्ये फ्यूज.
पाच अँपिअरचाच मिळाला. चालेल, म्हटलं.
हा शब्द मी इथे दिवसातून किती वेळा म्हणतो.

सुलेमान मुकादम, दाभोळचा, धक्क्यावर चहा घेऊन:
"आपण पण असेच रे, टाकीतले."
मी म्हटलं, तेरा नंबरचा पाना दे.

चाळीस तारल्या सोडल्या. घटकाभर गोंधळ,
मग एकदम सगळ्यांचं ठरलं: डावीकडे.

नवाला फोन. वाऱ्यात तुटका आवाज.
"पंप खलास. मछली ऊपर आता."

फ्यूज. माझाच.

म्हटलं, मग घ्या, चहाचा मोठा. पाणी भरा,
हात डोक्याच्या वर, बारीक धार सोडा,
फेस आला पाहिजे. थांबू नका.
"कितना टाइम?"

हर्णैला बाबा करवंटीने हेच करायचे,
डब्यातली कोळंबी जिती ठेवायला,
पहाटेपासून ऊन माथ्यावर येईस्तोवर.
खांदा बदलायचे, धार तुटू द्यायचे नाहीत.
मी पलीकडच्या फळीवर झोपलेला असायचो.
हे हिंदीत कसं सांगायचं?
"पहुँचने तक," म्हटलं.

फोन त्याच्या खिशात चालूच राहिला.
पाणी भरल्याचा आवाज, पडल्याचा,
मध्ये खोकला, अल्लाचं नाव, परत पाणी.
मी गॅरेजच्या सावलीत उभा,
सकाळी न सापडलेला दहाचा फ्यूज मुठीत,
कान लावून.
एकदा धार चुकली
आणि माझा उजवा खांदा
आपोआप वर झाला.